गॅस भरण्याआधी वायर तपासा: जुन्या गाडीचा एसी आणि विजेचे बिघाड

होळी आटोपली की गोसीखुर्द, पवनी, अड्याळ, भिवापूर या पट्ट्यातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांचे प्रश्न सुरू होतात, आणि दर उन्हाळ्यात ते जवळपास तेच असतात. गेल्या वर्षीच गॅस भरला होता, मग यंदा गार हवा का येत नाही? सकाळी घरून निघताना एसी छान चालतो, मग भंडाऱ्याहून दुपारी परतताना तोच एसी गरम हवा का फेकतो? मेकॅनिक म्हणतो कॉम्प्रेसर गेला, बदलून टाकू का? प्रश्न वेगळे असले तरी विचारणाऱ्याने उत्तर मनात आधीच ठरवलेलं असतं: गॅस कमी झाला असेल. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या गाडीत गॅसला हात लावण्याआधी विजेची बाजू तपासून घ्यावी. ती तपासणी स्वस्त आहे, तिने काही बिघडत नाही, आणि तिचं उत्तर हो किंवा नाही असं स्पष्ट मिळतं. गॅस भरण्याचं तसं नाही. एकदा गॅस भरला की आधी तो किती होता हा पुरावाच नाहीसा होतो, आणि मूळ दोष वायरीत असेल तर पैसे जाऊनही गाडी तशीच राहते.

मोठ्या शहरात चुकीचा अंदाज दुसऱ्या दिवशी सुधारता येतो. गोसीखुर्दहून एसीचंच काम करणाऱ्या चांगल्या दुकानासाठी भंडारा किंवा नागपूर गाठायचं म्हणजे दिवस मोडतो. म्हणून कोणत्या दुकानात जायचं, वायरिंगवाल्याकडे की एसीवाल्याकडे, हे घरीच ठरलेलं बरं.

नेमकं काय बंद आहे, ते आधी पाहा

'एसी चालत नाही' ही एक तक्रार वाटते, पण तिच्यात विजेवर चालणाऱ्या तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. डॅशबोर्डमागचा ब्लोअर हवा ढकलतो. कॉम्प्रेसरच्या पुलीवरचा चुंबकीय क्लच पट्ट्याची फिरकी कॉम्प्रेसरला जोडतो. पुढच्या जाळीमागचा पंखा कंडेन्सरची उष्णता बाहेर टाकतो. तिघांचे फ्यूज वेगळे, रिले वेगळे, दोषही वेगळे. इंजिन सुरू करा, ब्लोअर दुसऱ्या नंबरवर ठेवा, एसीचं बटण दाबा आणि कुणालातरी बोनेटजवळ उभं करून ऐकायला सांगा. बटण दाबताच 'टक्' असा आवाज येऊन पुलीची पुढची चकती फिरू लागली पाहिजे, इंजिनाचा आवाज किंचित बदलला पाहिजे आणि थोड्या वेळात पुढचा पंखा सुरू झाला पाहिजे. यातलं काय घडतं यावरून पुढची दिशा ठरते:

- हवाच येत नाही, किंवा फक्त शेवटच्या नंबरवर येते: दोष ब्लोअरच्या बाजूला. गॅसचा इथे संबंध नाही.
- हवा जोरात येते पण गरम, आणि 'टक्' ऐकू येत नाही: क्लचपर्यंत वीज पोहोचत नाही, किंवा पोहोचूनही क्लच ओढत नाही.
- 'टक्' होतं, चकती फिरते, तरी हवा गरमच: आता गॅस, कॉम्प्रेसर किंवा व्हॉल्व्हचा संशय रास्त. एसीवाल्याकडे जा.
- उमरेडच्या रस्त्यावर गार, बाजारात थांबलं की गरम: आधी पुढचा पंखा.
- तासभर गार, मग हवेचा जोरच कमी. गाडी उभी केली की खाली भरपूर पाणी: कूलिंग कॉइलवर बर्फ जमतो आहे. थर्मोस्टॅट किंवा त्या जागेचा सेन्सर तपासायचा.

या यादीत गॅसवाल्याकडे जायची पाळी सरळ येते ती एकाच ठिकाणी.

हात घालण्याआधी

गाडी मोकळ्या हवेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून उभी करा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुराने जीव जातो. गळ्यातला दुपट्टा, ओढणी, सैल बाही, हातातलं कडं हे सगळं पट्ट्यापासून लांब. पुढचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, तेव्हा त्याच्या पात्यांत बोट नको. गॅसच्या पाइपचा कुठलाही नट सैल करू नका. तो गॅस डोळ्यांना आणि कातडीला गोठवून इजा करतो. हत्यारं मोजकीच लागतात: दोन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर, गाडीतल्याच मापाचे दोन-तीन जादा फ्यूज, आणि मध्ये फ्यूज जोडलेली हातभर वायर. दिव्याचा टेस्टर क्लच आणि पंख्याच्या वायरींना चालतो, पण इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या बारीक वायरींना तो लावू नये.

शोध अर्ध्यावर आणणारी एक चाचणी

'टक्' येत नसेल तर लोक बटणापासून सुरुवात करतात आणि डॅशबोर्ड उघडून बसतात. उलटं करा. क्लचपासून सुरुवात करा, कारण तिथे एकाच चाचणीत अर्ध्या शक्यता बाद होतात. इंजिन बंद असताना क्लचचा कपलर काढा आणि बॅटरीच्या प्लसमधून, मध्ये १० अँपियरचा फ्यूज असलेल्या वायरीने, क्लचच्या वायरीला क्षणभर वीज द्या. बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांत क्लचला एकच वायर असते आणि मायनस त्याला बॉडीतून मिळतो. दोन वायरी असतील तर प्लस-मायनस उलटं लावू नका. क्लचच्या चुंबकाच्या काही कॉइलमध्ये डायोड असतो आणि उलट्या जोडणीत फ्यूज उडतो. मधला फ्यूज त्यासाठीच आहे.

चकती 'टक्' करून चिकटली, तर कॉइल शाबूत आहे आणि दोष मागे कुठेतरी आहे: फ्यूज, रिले, स्विच, सेन्सर किंवा वायर. चिकटली नाही, तर दोष क्लचमध्येच किंवा त्याच्या मायनसमध्ये. कॉइलचा रोध मल्टिमीटरने मोजा. तो साधारण ३ ते ५ ओहम असतो. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटली आहे. एक ओहमच्याही खाली असेल तर ती आतून शॉर्ट आहे आणि फ्यूज पुन्हा पुन्हा उडण्याचं कारणही तीच. दोन्ही प्रसंगी बऱ्याच गाड्यांत नुसती कॉइल किंवा क्लचचा संच बदलता येतो. अख्खा कॉम्प्रेसर बदलण्याचा सल्ला मिळाला तर 'क्लच वेगळा मिळतो का' हे आधी विचारा. या एका प्रश्नावर कित्येकदा बिलाचा आकडा निम्म्याहून खाली येतो.

फ्यूज, रिले आणि खोटे बारा व्होल्ट

फ्यूज डोळ्यांनी पाहून भागत नाही. तडा बारीक असतो. मीटर लावा. उडालेला फ्यूज एकदा बदलून पाहायला हरकत नाही, पण त्याच मापाचा. दहाच्या जागी तीसचा घालणं, किंवा फ्यूजच्या पायांना तांब्याची तार गुंडाळणं, म्हणजे फ्यूजचं काम वायरीवर सोपवणं. मग वितळते ती वायर, आणि तीही डॅशबोर्डच्या आत. नवा फ्यूज लगेच उडाला तर तिसरा घालू नका. क्लचचा कपलर काढून पाहा: आता फ्यूज टिकला तर शॉर्ट क्लचमध्ये, तरीही उडाला तर वायरीत.

रिले तपासायची सोपी रीत म्हणजे त्याच नंबराचा, तितक्याच पायांचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, त्या जागी लावणं. रिले 'टिक' करतो म्हणून तो चांगला, ही समजूत सोडा. आवाज त्याच्या छोट्या कॉइलचा असतो. जळायचे ते आतले संपर्कबिंदू, आणि ते जळले तरी आवाज येतच राहतो.

जुन्या गाडीत माणूस सगळ्यात जास्त फसतो तो खोट्या बारा व्होल्टांना. कपलर काढून वायरीच्या टोकाला मीटर लावला, बारा व्होल्ट दिसले, म्हणून वायर चांगली ठरवली आणि क्लच बाद केला, असं सर्रास होतं. हा निष्कर्ष चुकीचा आहे. अर्धवट चोंदलेल्या नळीतही तोटी बंद असताना दाब पूर्णच दिसतो. तोटी उघडल्यावर कळतं. गंजलेल्या वायरीचंही तेच. मीटर नावापुरता प्रवाह घेतो, म्हणून त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. क्लच तीन-साडेतीन अँपियर मागतो तेव्हा गंज आडवा येतो. हिशोब साधा आहे. ३.६ ओहमची कॉइल बारा व्होल्टवर सुमारे ३.३ अँपियर घेते. वाटेत गंजामुळे फक्त अर्धा ओहम वाढला तरी प्रवाह २.९ वर येतो आणि कॉइलला मिळतात जेमतेम साडेदहा व्होल्ट. म्हणून मोजणी नेहमी कपलर जोडलेला आणि एसी चालू ठेवूनच करा, मीटरची टोकं कपलरच्या मागून लावून. बॅटरीच्या प्लसपासून क्लचच्या वायरीपर्यंत अर्ध्या व्होल्टहून जास्त घट नसावी. कॉम्प्रेसरच्या अंगापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.२ व्होल्टच्या आत हवी. मायनसकडे घट जास्त निघाली तर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी काढा, दोन्ही टोकं घासा, नट आवळा. या कामाला खर्च नाही, आणि कदाचित म्हणूनच ते कुणी सुचवत नाही.

बॅटरीवरचं व्होल्टेजही एकदा पाहून घ्या. इंजिन चालू, एसी आणि दिवे चालू, अशा स्थितीत ते १३.५ ते १४.५ असावं. त्याखाली राहत असेल तर एसी सोडा आणि आधी अल्टरनेटर पाहा.

सकाळी गार, दुपारी गरम

विदर्भातल्या उन्हाळ्याची ही खास तक्रार आहे, आणि तिच्यावर गॅसचा शिक्का सगळ्यात लवकर बसतो. गॅस कमी असता तर सकाळीही गारवा कमीच असता. सकाळी पूर्ण गार आणि दुपारी एकदम बंद, पुन्हा अर्धा तास गाडी सावलीत उभी केली की चालू, हे लक्षण बहुधा विजेचं आहे.

कारण तांब्यात आहे. तापमान वाढलं की तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. सकाळी ३.६ ओहम असलेली कॉइल मे महिन्यात बोनेटखाली १०० अंशांवर गेली की ४.७ ओहमच्या आसपास जाते आणि प्रवाह ३.३ वरून सुमारे अडीच अँपियरवर उतरतो. चुंबकाची ओढ प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे कमी होते, म्हणजे प्रवाह चतुर्थांश घटला तर ओढ चाळीस टक्क्यांच्या आसपास घटते. नव्या क्लचला ही घट पेलते, कारण चकती आणि पुलीतली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. वर्षानुवर्षं घासून ती फट वाढलेली असते, आणि फट वाढली की ओढ आणखी झपाट्याने पडते. तापलेली कॉइल, वाढलेली फट आणि गंजलेला अर्थ, यांतली कुठलीही एक अडचण गाडी सोसते. तिन्ही एकत्र आल्या की दुपारी दोन वाजता चकती चिकटायचं नाकारते.

हे सिद्ध करायचं तर बिघाड चालू असतानाच मोजा. गाडी गार झाल्यावर गॅरेजमध्ये नेली तर 'एसी तर चालतोय' हेच ऐकावं लागतं. दुपारी, एसी बंद पडलेला असताना, जोडलेल्या कपलरवर बारा व्होल्टच्या वर असतील आणि तरी चकती स्थिर असेल, तर दोष फटीचा किंवा कॉइलचा. व्होल्टच नसतील तर दोष मागे. फट मोजायला इंजिन बंद करून फीलर गेज वापरतात. योग्य आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर. फट जास्त निघाली तर क्लचच्या चकतीमागची पातळ शिम काढून ती कमी करता येते, आणि बऱ्याच कॉम्प्रेसरवर हे काम गॅस न काढता होतं. चालू इंजिनावर स्क्रूड्रायव्हरने चकती ढकलून पाहायची एक पद्धत काही गॅरेजांत दिसते. ती तुम्ही करू नका, करूही देऊ नका.

प्रेशर स्विच 'डायरेक्ट' करण्याचा मोह

आता या लेखाच्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप. क्लचला वीज मिळत नाही म्हणून दोष विजेचाच, असं म्हणता येत नाही. कारण गॅस खरोखर गळालेला असेल तेव्हाही क्लचला वीज मिळत नाही. गॅसच्या पाइपवर किंवा ड्रायरवर बसवलेला प्रेशर स्विच दाब साधारण ३० पीएसआयच्या खाली गेला, किंवा ४०० च्या बराच वर चढला, की सर्किट तोडतो. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं. गॅस नसताना कॉम्प्रेसर फिरला तर तो कोरडा फिरून जाम होतो. स्विच हेच टाळतो.

आक्षेप खरा आहे, पण त्यातून 'मग गॅसच भरा' हे निघत नाही. निघतं ते एवढंच की स्विच उघडा का आहे हे ठरवायला दाब मोजावा लागतो, आणि मोजायला गॅस भरावा लागत नाही. एसी बंद करून गाडी तासभर सावलीत उभी केल्यावर आर-१३४ए गॅसच्या गाडीत ३० अंशांना सुमारे ९५ आणि ४० अंशांना सुमारे १३० पीएसआय दाब दिसायला हवा. गेजवर एवढा दाब आहे आणि तरी स्विच उघडा आहे, तर स्विच किंवा त्याचा कपलर खराब. दाब वीस-पंचवीसच असेल तर स्विच आपलं काम चोख करतो आहे आणि गॅस गळाला आहे. अशा वेळी आधी गळती शोधा, मग व्हॅक्यूम, मग गॅस. एक सावधगिरी मात्र ठेवा: बंद गाडीतला दाब बरोबर असणं म्हणजे गॅस पुरेसा असणं नव्हे. थोडा द्रव गॅस शिल्लक असला तरी दाब तितकाच दिसतो. किती आहे हे वजनानेच कळतं. छोट्या गाडीत ते बहुधा चारशे ते सहाशे ग्रॅम असतं आणि नेमका आकडा बोनेटखालच्या पट्टीवर छापलेला असतो.

या शक्यता न तपासता स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून 'डायरेक्ट करून देतो' म्हणणारे भेटतात. एसी त्या क्षणी चालूही होतो, म्हणून मालक खूश. पण कॉम्प्रेसरचं हे संरक्षण गेलेलं असतं. चाचणीपुरतं एक-दोन सेकंद जोडून पाहणं वेगळं, आणि तेही दाब मोजल्यानंतरच. डायरेक्ट ठेवून गाडी ताब्यात घेऊ नका.

स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा ज्वलनशील गॅस 'स्वस्त आणि जास्त गार' म्हणून भरून देणाऱ्यांनाही नकार द्या. ज्या गाडीत वायरीची ठिणगी हाच मूळ दोष असू शकतो, तिच्या केबिनमध्ये गळू शकणारा ज्वलनशील वायू कशाला?

पंखा, ब्लोअर, सेन्सर

थांबल्यावर गरम होणाऱ्या गाडीत एसी लावून पुढचा पंखा पाहा. फिरत नसेल तर कपलर काढून पंख्याला फ्यूज असलेल्या वायरीने थेट वीज द्या. या वायरीत २० ते ३० अँपियरचा फ्यूज आणि जाड तार हवी, कारण पंखा क्लचच्या कितीतरी पट प्रवाह घेतो. थेट वीज देऊन फिरला तर रिले किंवा फ्यूज. नाही फिरला तर मोटरचे कार्बन घासलेले. पंखा फिरतो पण संथ फिरतो, हे लक्षण लोक सोडून देतात; पुढे दाब वाढून प्रेशर स्विच क्लच तोडतो आणि दोष क्लचवर जातो.

ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालत असेल तर त्याचा रेझिस्टर जळाला आहे, कारण शेवटच्या नंबरवर वीज रेझिस्टरला वळसा घालून जाते. तो बदलणं सोपं आहे, पण आधीचा कशामुळे जळला, हेही विचारा. जाम होत आलेली मोटर जास्त प्रवाह ओढते आणि नवा रेझिस्टरही जाळते. कपलरचं प्लास्टिक पिवळं पडलं किंवा वितळलं असेल तर तेही बदला.

कूलिंग कॉइलजवळच्या सेन्सरची वायर तुटली तर बऱ्याच गाड्यांत एसीच्या कंट्रोलरला 'कॉइल गोठली' असं वाटतं आणि तो क्लच लावतच नाही. इंजिन तापलं तरीही अनेक गाड्या एसी मुद्दाम तोडतात. टेम्परेचरचा काटा वर असेल तर एसीचा शोध थांबवा आणि रेडिएटरकडे वळा.

धानाचा पट्टा, वैनगंगेचं पाणी

या भागात दोन कारणं विशेष तपासावीत. पहिलं उंदीर. धानाच्या गावांत गाडी तणसाच्या ढिगाजवळ किंवा गोदामाच्या भिंतीलगत उभी राहते, आणि उबदार इंजिनावर उंदीर रात्र काढतात. क्लचची आणि पंख्याची वायर खाली, उघड्यावर असते. तीच आधी कुरतडली जाते. एसी रात्रीतून बंद पडला असेल तर फ्यूजबरोबर बोनेटखाली लेंड्या आणि कुरतडलेलं वेष्टन शोधा. तुटलेली वायर पिळून वर चिकटपट्टी मारणं पावसाळ्यापर्यंत टिकतं. जोड सोल्डर करून त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवून घ्या.

दुसरं पाणी. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं, गोसीखुर्द धरणाचे ३३ ही दरवाजे उघडावे लागले, आणि वैनगंगेचा पूर भंडारा शहरासह काठच्या कितीतरी गावांत शिरला. पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन-पुसून विकता येते, पण कपलरच्या आतला हिरवा गंज वर्षानुवर्षं वाढत राहतो. नदीकाठच्या भागातली जुनी गाडी घेताना एसी गार लागतो की नाही एवढंच पाहू नका. फ्यूजबॉक्सचं झाकण काढा, सीटच्या रुळांवरचा गंज पाहा, पायपोसाखालची गाळाची रेघ पाहा. अशा गाडीत विजेचा एक दोष काढला की दुसरा उभा राहतो, आणि त्या गाडीच्या एसीवर मोठा खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मागाहून बसवलेल्या वस्तूंचाही संशय घ्या. म्युझिक सिस्टिम, जादा दिवे, सेंट्रल लॉक किंवा सीएनजी किट बसवताना वीज कुठून घेतली, हे बसवणाऱ्यालाच ठाऊक. एसी बिघडण्याआधी सगळ्यात अलीकडे कोणतं काम झालं, हे आठवून पाहा.

'एवढं आम्ही कशाला करायचं?'

हा आक्षेप दोन बाजूंनी येतो. मालक म्हणतात, हे मेकॅनिकचं काम. बरोबर, दुरुस्ती त्याचीच. पण तक्रार सांगणं तुमचं काम आहे. 'गॅस भरा' म्हणत गेलात तर गॅस भरून मिळेल, आणि त्यात त्याची चूक म्हणता येणार नाही. 'दुपारी कपलरवर १२.४ व्होल्ट होते, तरी चकती ओढत नव्हती' असं सांगितलंत तर तो थेट क्लच उघडेल. दुसरा आक्षेप असा की आताच्या गाड्यांत सगळं कॉम्प्युटर ठरवतो, स्कॅनरशिवाय काही कळत नाही. नव्या गाड्यांबाबत यात तथ्य आहे. मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका यांसारख्या गाड्यांत मात्र एसीचं सर्किट इतकं साधं आहे की मीटर पुरतो. कॉम्प्युटर असलेल्या जुन्या गाडीतही फ्यूज, रिले, अर्थ आणि क्लच तेच आहेत. स्कॅनर सेन्सरचा दोष सांगेल, गंजलेला अर्थ सांगणार नाही.

गॅरेजमध्ये तुमचे हक्क

काम सुरू होण्याआधी अंदाजपत्रक लिहून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेशही पुरावा होतो. गॅस भरायचाच ठरला तर आधीच्या दाबाचा गेजवरचा फोटो मागा आणि बिलावर गॅसचं नाव व ग्रॅममधलं वजन लिहून घ्या. बदललेला रिले, कॉइल, कॉम्प्रेसर परत मागा. गाडी ताब्यात घेण्याआधी काचा लावून, हवा आतल्या आत फिरवून दहा मिनिटं चालवा, आणि डॅशबोर्डवरच्या हवेच्या जाळीत थर्मामीटर धरा. बाहेर ४० च्या पुढे असताना जुन्या गाडीत १० ते १५ अंशांची हवा आली तर काम ठीक झालं समजा. शक्य असेल तर ही परीक्षा दुपारी घ्या. दुपारी बिघडणारी गाडी संध्याकाळी पास होणारच.

बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेव्हा 'बिल घेतलंत तर जीएसटी लागेल' या धमकीला बधू नका. काम सदोष झालं तर आधी गॅरेजला लेखी कळवून दुरुस्तीसाठी मुदत द्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. दुरुस्ती नागपूरला झाली असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या, उदाहरणार्थ भंडाऱ्याच्या, आयोगात तक्रार करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हायला हवी, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि वकील लावण्याची सक्ती नाही. अर्जासोबत बिल, अंदाजपत्रक, गेजचे फोटो आणि दुसऱ्या मेकॅनिकचं लेखी मत जोडा. जुना सुटा भाग आयोगाचा निकाल लागेपर्यंत भंगारात देऊ नका.